२०० इडियम पाठ आहेत, तरी वाटाघाटीत एकही का सुचत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खरेदी विभागात काम करता, इंग्रजी ईमेल नीट लिहिता येतात, वाटाघाटींच्या इंग्रजी वाक्प्रचारांची २०० ची यादीही पाठ केली आहे. तरी परदेशी पुरवठादाराशी कॉल सुरू झाला की ऐनवेळी काही आठवत नाही. एकदा आठवला तो नेमका 'टेक इट ऑर लीव्ह इट', आणि त्यावर पलीकडे सगळे गप्प झाले. आता यादी वाढवावी की पाठांतराची पद्धत बदलावी, हे तुम्हाला विचारायचं आहे.

यादी वाढवू नका, कापा. तुमची स्मरणशक्ती ठीकच आहे. यादीत 'ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन म्हणजे कसून घासाघीस करणे' असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. पण हे कोण कुणाला म्हणतो, बोलणी कुठवर आल्यावर म्हणतो आणि ते ऐकून समोरच्यावर किती दाब येतो, यातलं काहीच तिथे नसतं. वाटाघाटीत प्रत्येक वाक्प्रचार ही एक खेळी असते. ती केव्हा करायची हे डोक्यात बसलेलं नसेल तर ती सुचत नाही, आणि सुचली तर भलत्याच वेळी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. समोरचा ब्रिटिश आहे, अमेरिकी आहे की त्याचीही इंग्रजी तुमच्यासारखीच शिकलेली आहे, यावर किती इडियम वापरायचे ते ठरतं. तिसऱ्या प्रकारच्या माणसाशी बोलताना जवळजवळ शून्य. व्हिएन्नातल्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा साइडलहोफर यांनी याला 'युनिलॅटरल इडियोमॅटिसिटी' असं नाव दिलं आहे: एकाच बाजूला माहीत असलेला वाक्प्रचार वापरला की संवाद तिथेच अडखळतो. दुसरं म्हणजे, 'इफ यू कुड..., वी वुड...' ही वाक्यरचना तोंडात बसलेली नसेल तर आधी ती बसवा. 'तुम्ही एवढं केलंत तर आम्ही तेवढं करू' हे वाटाघाटीचं मुख्य वाक्य आहे, आणि त्यात एकही इडियम नाही.

आता यादी कशी कापायची. मी शिकवताना प्रत्येक वाक्प्रचार तीनपैकी एका कप्प्यात टाकायला लावतो.

पहिला कप्पा समोरच्याच्या तोंडावर म्हणता येतील अशांचा. 'कुड यू मीट अस हाफवे?', 'इज देअर एनी विगल रूम?' (थोडं मागेपुढे व्हायला वाव आहे का), 'लेट्स स्प्लिट द डिफरन्स', 'द बॉल्स इन युअर कोर्ट' (आता निर्णय तुमच्याकडे). दुसरा कप्पा आपल्याच लोकांत, समोरच्याबद्दल बोलण्याचा. 'दे आर प्लेइंग हार्डबॉल' (अगदी कडक वागताहेत), 'दे वोन्ट बज' (तसूभर हलत नाहीत), 'दॅट वॉज अ लोबॉल ऑफर' (मुद्दाम फारच कमी भाव सांगितला), 'दे कीप मूव्हिंग द गोलपोस्ट्स'. हे समोरच्याला ऐकवले की तो आरोप होतो. 'यू आर मूव्हिंग द गोलपोस्ट्स' म्हणजे 'तुम्ही मध्येच नियम बदलताय', आणि ते म्हटल्यावर पुढची दहा मिनिटं भावाऐवजी हेतूंवर जातात. तिसरा कप्पा बातम्यांचा. 'हॅमर आउट अ डील' (खूप चर्चा करून करार घडवणे), 'ब्रोकर अ डील' (मध्यस्थी करून घडवणे), 'क्लिंच' (करार पक्का करणे), 'इलेव्हन्थ-अवर अग्रीमेंट' (शेवटच्या क्षणी झालेला करार). वार्ताहर हे वापरतो, कारण तो बाहेरून वर्णन करत असतो. बैठकीत बसलेला माणूस 'लेट्स क्लिंच दिस' म्हणत नाही.

तुमच्या २०० पैकी पहिल्या कप्प्यात फार तर ३० उरतील. बोलण्यासाठी तेवढेच शिकायचे. बाकीचे ऐकून कळले तरी पुरे.

'यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन' मात्र गंमतीचा आहे. दिसतो दुसऱ्या कप्प्यातला, पण तो तोंडावर म्हणतात, तेही हसून आणि बहुधा मान्य करताना: 'मानलं तुम्हाला, घ्या.' समोरच्याने असं म्हटलं की समजा तो मऊ झालाय. त्या क्षणी आणखी ताणू नका.

आता 'टेबल' या एका शब्दाकडे जरा जवळून पाहा, म्हणजे नुसता अर्थ पाठ करून का भागत नाही ते कळेल. 'इट्स ऑन द टेबल' म्हणजे प्रस्ताव अजून उभा आहे. 'इट्स ऑफ द टेबल' म्हणजे तो मागे घेतला. 'वी लेफ्ट मनी ऑन द टेबल' म्हणजे आणखी पदरात पाडून घेता आलं असतं, आपण आधीच थांबलो. हे बैठक संपल्यावर, आपसातच. 'लेट्स ले अवर कार्ड्स ऑन द टेबल' म्हणजे हातचं राखून न ठेवता बोलू. 'अंडर द टेबल' म्हणजे सरळ लाच, त्यामुळे 'वी कॅन डिस्कस अंडर द टेबल' असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. आणि नुसतं क्रियापद म्हणून 'टेबल' वापरलं तर ब्रिटनमध्ये अर्थ होतो 'चर्चेला घेणे' आणि अमेरिकेत 'चर्चा पुढे ढकलणे'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीत याच क्रियापदावरून बराच वेळ वाद झाल्याचं चर्चिल यांनी नोंदवून ठेवलं आहे. दोन्ही बाजूंना खरं तर एकच गोष्ट हवी होती. तुम्ही हे क्रियापद टाळाच. 'लेट्स डिस्कस इट नाऊ' किंवा 'लेट्स कम बॅक टू इट लेटर' म्हणा. 'मूट पॉइंट'ची गतही तशीच: ब्रिटिश कानाला तो वादाचा मुद्दा वाटतो, अमेरिकी कानाला आता अर्थच न उरलेला मुद्दा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र होकाराच्या शब्दांत होते. खालचा संवाद पाहा. विक्रेत्याला पैसे ३० दिवसांत हवे आहेत, खरेदीदार ६० दिवस म्हणतोय.

खरेदीदार: 'ऑन प्राइस वी आर इन द सेम बॉलपार्क. पेमेंट टर्म्स आर द स्टिकिंग पॉइंट.'
विक्रेता: 'इज देअर एनी विगल रूम ऑन द सिक्स्टी डेज?'
खरेदीदार: 'आय कुड कम डाउन टू फॉर्टी-फाइव्ह, बट आय'ड हॅव टू रन इट बाय फायनान्स.'
विक्रेता: 'इफ वी मेट यू हाफवे ऑन डिलिव्हरी, वुड फॉर्टी-फाइव्ह वर्क?'
खरेदीदार: 'इन प्रिन्सिपल, येस.'

यात नक्की काय ठरलं? काहीही नाही. 'सेम बॉलपार्क' म्हणजे आकडे जवळ आलेत. भाव ठरलेला नाही. 'स्टिकिंग पॉइंट' म्हणजे घोडं कुठे पेंड खातंय ते त्याने दाखवलं. 'कुड' हे 'कॅन' नाही, ते 'येऊ शकेन, बघा' एवढंच आहे. 'रन इट बाय फायनान्स' म्हणजे अधिकार त्याच्या हातात नाही, किंवा नसल्याचं तो दाखवतोय. आणि शेवटचं 'इन प्रिन्सिपल, येस' म्हणजे कल्पना पसंत आहे, तपशील आणि परवानगी बाकी. इतकं ऐकून विक्रेत्याने वरिष्ठांना '४५ दिवसांवर डील झाली' असं कळवलं, तर आठवड्याभरात त्याला तोंड लपवावं लागेल. कॉल ठेवण्याआधी त्याने म्हणायला हवं: 'जस्ट सो वी आर ऑन द सेम पेज: फॉर्टी-फाइव्ह डेज, सब्जेक्ट टू फायनान्स सायनिंग ऑफ. व्हेन विल यू हिअर बॅक फ्रॉम देम?' अट उच्चारली आणि तारीख मागितली. एवढ्यावर काम होतं.

होकाराची ही उतरंड कानात बसवून घ्या. 'दॅट साउंड्स रीझनेबल' हे फक्त मत आहे, त्यात शब्द दिलेला नाही. 'आय कॅन सेल दॅट इंटर्नली' म्हणजे मी वर शिफारस करीन. 'इन प्रिन्सिपल' त्याच्या एक पायरी पुढे. 'सब्जेक्ट टू अमुक' म्हणजे अमुक झालं तरच. इंग्लंडच्या कायद्यात 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' हे शब्द मुद्दामच घालतात, म्हणजे सही होईपर्यंत कुणीही बांधला जात नाही. 'वी कॅन लिव्ह विथ दॅट' ऐकायला नाखूश वाटतं, पण तो खरा होकार आहे: फार आवडलेलं नाही, तरी चालवून घेऊ. 'यू हॅव गॉट अ डील' किंवा 'लेट्स शेक ऑन इट' म्हणजे तोंडी पक्कं. 'डन डील' हे सगळं आटोपल्यावर म्हणायचं. नवशिका माणूस 'साउंड्स रीझनेबल' ऐकून खूश होतो आणि 'कॅन लिव्ह विथ दॅट' ऐकून उगाच आणखी सवलत देऊन बसतो. दोन्हीकडे नुकसानच.

तुमच्या स्वतःच्या होकाराचंही तसंच आहे. मराठीत आपण ऐकताना 'हो, हो, बरोबर' म्हणत राहतो. त्याचा अर्थ 'ऐकतोय, पुढे बोला' इतकाच असतो. तेच इंग्रजीत 'येस, येस, ओके' झालं की पलीकडचा वहीत 'मान्य' असं लिहितो. त्याऐवजी 'आय सी', 'आय टेक युअर पॉइंट', 'आय हिअर यू' म्हणा. यातून मुद्दा कळला हे पोचतं, मान्य केला हे पोचत नाही. उलट दिशेने 'वी विल ट्राय'ची गडबड. मराठीत 'प्रयत्न करतो' हा बऱ्याचदा सभ्य नकार असतो. इंग्रजी ऐकणारा ते खरोखर प्रयत्नाचं आश्वासन समजतो आणि चार दिवसांनी विचारतो, काय झालं? नकारच द्यायचा असेल तर 'आय'म अफ्रेड वी कान्ट डू दॅट' म्हणा. त्याने कुणी दुखावत नाही.

मराठीतून सरकणाऱ्या आणखी तीन चुका. 'अग्री'नंतरचं अव्यय: 'अग्री विथ' माणसाशी किंवा मताशी, 'अग्री टू' प्रस्तावाला, 'अग्री ऑन' दोघांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीवर. 'आय अग्री विथ युअर प्राइस' म्हणजे तुमचा भाव मला रास्त वाटतो. 'आय अग्री टू युअर प्राइस' म्हणजे तो मी स्वीकारला. फरक पैशांचा आहे. ब्रिटिश लोक अव्यय गाळून 'वी अग्रीड अ प्राइस' असंही म्हणतात, तेव्हा चुकलं असं समजू नका. दुसरी, 'कॉम्प्रोमाइज'. 'वी कॅन कॉम्प्रोमाइज ऑन डिलिव्हरी' ठीक, मुदतीत थोडं मागेपुढे चालेल. पण 'वी कॅन कॉम्प्रोमाइज ऑन क्वालिटी' म्हणालात तर कमी दर्जाचा माल चालेल असं सांगून बसलात. तिसरी, 'प्लीज अ‍ॅडजस्ट'. मराठीत 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणजे सांभाळून घ्या. इंग्रजीत 'अ‍ॅडजस्ट' काय करायचं ते सांगावं लागतं, 'अ‍ॅडजस्ट द प्राइस', 'अ‍ॅडजस्ट द शेड्यूल'. आणि 'गिव्ह मी युअर लास्ट प्राइस' ऐवजी 'व्हॉट्स द बेस्ट यू कॅन डू ऑन प्राइस?'

ऐकून कळण्यासाठीचे वाक्प्रचार लक्षात ठेवायला त्यांचं मूळ कामी येतं, पण गटागटाने घेतलं तरच. पत्त्यांचा गट: 'अँटी' म्हणजे पोकरमध्ये पत्ते वाटण्याआधी टाकायची रक्कम, म्हणून 'अप द अँटी' म्हणजे पणाला लागलेलं वाढवणे, 'कॉल द ब्लफ' म्हणजे 'दाखव पत्ते' म्हणणे, समोरचा 'दुसरा पुरवठादार तयार आहे' म्हणाला तर 'मग त्याच्याकडे जा' म्हणून पाहणे, 'प्ले युअर कार्ड्स क्लोज टू युअर चेस्ट' साठी आपल्याकडे तयार शब्द आहे, ताकास तूर लागू न देणे. बेसबॉलचा गट आपल्याला परका, म्हणून जरा थांबून घ्या: 'बॉलपार्क' म्हणजे बेसबॉलचं मैदान, आकडा मैदानाच्या आत कुठेतरी पडतो, म्हणून 'बॉलपार्क फिगर' हा अंदाजी आकडा; 'हार्डबॉल' हा खऱ्या बेसबॉलचा टणक चेंडू, त्याहून मोठ्या चेंडूने खेळतात तो सॉफ्टबॉल. बुद्धिबळातून 'स्टेलमेट': राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही. 'डेडलॉक' आणि 'इम्पास' त्याच अर्थाचे. इथे फार वेळ घालवू नका. चित्र डोळ्यांपुढे आलं की झालं.

आता पद्धत. आठवड्याला तीन, त्याहून जास्त नाही. आठ आठवड्यांत २४ होतात आणि तुमचं काम तेवढ्यावर भागतं. प्रत्येकासाठी एक कार्ड. पुढच्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार लिहू नका, मराठीत प्रसंग लिहा. नमुना देतो. पुढे: 'भाव जास्त आहे. मी थोडा वर येतो, तुम्ही थोडं खाली या, असं सुचवायचंय.' मागे पूर्ण वाक्य: 'कुड यू मीट अस हाफवे ऑन द प्राइस?' त्याखाली चार नोंदी. कप्पा: पहिला. दाब: कमी. न बदलणारा भाग: 'मीट'नंतर माणूस, मग 'हाफवे', मग 'ऑन', 'हाफवे'च्या आधी 'इन' किंवा 'अ‍ॅट' नाही. सावधान: 'हाफवे' म्हणजे मोजून निम्मं असं नाही, मोजून निम्मं हवं असेल तर 'स्प्लिट द डिफरन्स'.

या 'स्प्लिट द डिफरन्स'चं एक बोलण्यातलं शहाणपण जाता जाता. त्यांनी १०० मागितले, तुम्ही ९० म्हणालात आणि तुम्हीच 'लेट्स स्प्लिट द डिफरन्स' म्हणालात, की तुमचा आकडा ९५ झाला. त्यांनी अजून काहीच सोडलेलं नाही. आता ते ९५ आणि १०० मधला मध्य मागू शकतात. म्हणून हे वाक्य येत असलं तरी आधी समोरच्याला म्हणू द्या.

कार्ड दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी पाहायचं. आधी प्रसंग वाचून वाक्य मोठ्याने म्हणायचं, मगच उलटायचं. मनात म्हटलेलं धरू नका; कॉलवर जी अडते ती जीभ. आघातही पाठ करा: 'द बॉल्स इन युअर कोर्ट'मध्ये जोर 'बॉल'वर आणि 'कोर्ट'वर, 'विगल रूम'मध्ये 'विगल'वर, 'डील-ब्रेकर'मध्ये 'डील'वर. आघात चुकला की बरोबर वाक्यही समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं. अशीच पंचाईत ऐकताना होते: 'मीट यू' भरभर म्हटलं की 'मीच्यू' होतं, आणि छापील रूप शोधणारा कान ते सोडून देतो.

एखाद्या वाक्प्रचाराचा कप्पा कळत नसेल तर कॉर्पस उघडा, म्हणजे खऱ्या बोलण्या-लिहिण्यातल्या वाक्यांचा शोधता येणारा संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, अमेरिकी 'कोका'मध्ये १०० कोटींहून जास्त. मोफत नोंदणीवर दोन्हीत शोधता येतं. 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' टाका आणि त्याच्या आधी 'दे' येतं, 'यू' येतं की 'वी', एवढंच २० ओळींत मोजा. 'यू' किती वेळा येतं आणि तेव्हा सूर कसा असतो, यावरून कप्पा ठरतो. 'सी आय टू आय' शोधलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल: तो बहुतेक वेळा नकारातच येतो, 'वी डोन्ट सी आय टू आय ऑन दिस'. होकारासाठी 'वी आर ऑन द सेम पेज' जास्त सहज. अर्थासाठी लाँगमनचा शिकणाऱ्यांचा कोश घ्या. त्यातल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एक शब्द शोधायला गेलं की आणखी चार शोधावे लागत नाहीत.

ईमेलमध्ये इडियम जवळजवळ नकोत. कॉल संपला की अर्ध्या तासात तीन ओळी पाठवा: काय ठरलं, कोणत्या अटीवर, कुणी कधीपर्यंत काय करायचं. आकडे आणि तारखा, दुसरं काही नाही.

राहिला तो 'टेक इट ऑर लीव्ह इट'. तो पहिल्या कप्प्यातला वाटतो, पण आहे निर्वाणीचा. 'घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या' असं आपण मैत्रीतही हलकेपणाने म्हणून जातो. इंग्रजीत त्याने दार बंद होतं, आणि खरोखर उठून जायची तयारी असेल तरच तो वापरावा. पुढच्या कॉलला सुरुवातीलाच असं म्हणा: 'आय थिंक आय पुट दॅट टू ब्लंटली लास्ट टाइम. व्हॉट आय मेंट वॉज, दिस इज अबाउट अ‍ॅज फार अ‍ॅज वी कॅन गो ऑन प्राइस. हॅपी टू लुक अ‍ॅट द अदर टर्म्स.' यातल्या 'अबाउट'ने किंचित फट उघडी राहते, 'ऑन प्राइस'ने फक्त भावाचं दार लोटलं जातं, आणि शेवटच्या वाक्याने मुदत, प्रमाण, वाहतूक हे सगळं पुन्हा बोलायला मोकळं होतं.